मालकाचा किल्ला

अशोक चौकाच्या पल्याड, माग विकून रिकाम्या झालेल्या शेडमध्ये
अंबादास चिप्पाचं गेमचं दुकान होतं.
अर्ध्या तासाला दहा रुपये. चपला बाहेर, पाणी ज्याचं त्यानं आणायचं.
फरशीतून यंत्रांचे बोल्ट अजून वर आलेले,
त्यांवर फळी टाकून आम्ही बसायचो:
मी, जब्बार नदाफ,
आणि श्रीलता गाजुल, जी शिकवणी बुडवून यायची
आणि तरी पहिली यायची, शिकवणीतही.

बाकीचे ट्रॅक लाडाचे होते.
समुद्रकाठ, कलिंगडाचं शेत, बर्फाचा घाट
(बर्फ आम्ही गोळेवाल्याच्या रंध्याखालीच पाहिलेला).
शेवटचा तेवढा त्याचा.
लोखंडी दाढेचा, पाठीवर धुराडी उगवलेला,
प्रत्येक भागात हरणारा आणि पुढच्या भागात परत येणारा.
कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं.
आम्ही म्हणायचो, मालक.

दार कर्र उघडायचं, आणि लगेच डावं वळण, उजवीकडं लाव्हा.
"लेफ्ट मार बे, लेफ्ट!" जब्बार ओरडायचा
आणि स्वतः सरळ आगीत.
पुढं छतातून पडणारे घण.
श्रीलता त्यांच्याकडं बघायचीच नाही,
कान देऊन खट् आणि खटाक् यांच्या मधून
धोट्यासारखी निघून जायची.
"घरी झोपेत पण हेच ऐकते," म्हणायची,
आणि चिवडा मागायची.

एका दुपारी अप्पा शोधत आले.
रंगखात्यात बॉयलरवर होते ते,
नखं कायम मोरपंखी.
मी गाल तयार ठेवला.
ते फळीच्या मागं उभे राहून बघत बसले.
"ही आग कोण घालायलंय?"
कुणी नाही अप्पा, ती असतीच.
"असती? आग अशीच असती का बे?
कोळसा कोण ओढतंय? पाळी किती तासाची?"
दुकानात कुणालाच माहीत नव्हतं.
मग त्यांना तो दिसला, आमच्यातच, छोट्या गाडीत कोंबलेला.
"हा मालक पण पळायलाय?"
हो की. सहावा आहे.
"सोताच्या घरात सहावा!"
अप्पा इतके हसले की चिप्पानं मान वर केली.
खिशातून दहाची मऊ नोट काढून दिली,
"आणखी अर्धा तास लाव. आठवा आण त्याला."

किती भाग आले त्यानंतर.
दर वेळी कंपनी त्याला नवा किल्ला बांधून देते,
खांब हलवते, पूल मोडका करते, लाव्हा आणखी केशरी.
हरणाऱ्याला एवढं कोण देतं?
आपल्या भुईकोटाच्या बुरुजावर पारवे बसतात, तेवढंच.
शेडच्या जागी आता पार्किंग आहे.
बॉयलर भंगारात किलोवर गेला,
अप्पा बघायला गेले नाहीत, पण वजन विचारलं.
जब्बार शारजात खरी गाडी चालवतो, सावकाश म्हणे.
श्रीलताचं काय झालं ते मला नीट माहीत नाही.

आता जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर,
बाहेर चव्वेचाळीस, आत कूलरची गवताची वासाळ हवा,
माझी पोरगी मालकाच्या किल्ल्यात शिरते.
मी उगाच म्हणतो, डावीकडं.
ती म्हणते, माहितंय बाबा.
खुर्चीत अप्पा. डोळ्यांत मोतीबिंदू,
त्यांना नुसता तांबडा उजेड कळतो.
"कितवाय तो?"
चौथा, आजोबा.
"चढला म्हण की."

तिसऱ्या फेरीत, घणांच्या अलीकडं,
सगळं एकदम काळं. कूलर घरघरत थांबला.
खालून कुणीतरी वीजवाल्यांना शिवी दिली.
"विझली बघ आग," अप्पा म्हणाले.
नाही अप्पा, लाइट गेली.
"तेच की बे."